चर्चिलने कॉव्हेंट्री मुद्दाम जळू दिलं, हा फॉरवर्ड खोटा आहे

परवा सकाळी बाबांनी फॅमिली ग्रुपवर 'खरा लीडर कसा असतो' असा लांबलचक फॉरवर्ड टाकला. गोष्ट अशी की इंग्रजांनी जर्मनांचा एनिग्मा कोड फोडला होता, त्यातून चर्चिलला दोन दिवस आधीच कळलं की 14 नोव्हेंबर 1940 ला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावर बॉम्ब पडणार, पण लोकांना हलवलं तर जर्मनांना संशय येईल म्हणून त्याने काळजावर दगड ठेवला, सायरन वाजू दिला नाही, एक तोफ उडू दिली नाही, हजार वर्षांचं कॅथेड्रल जळालं पण युद्ध जिंकलं. माझी भाची सध्या कॉव्हेंट्रीतच शिकतेय, क्लासला जाताना रोज त्या पडक्या कॅथेड्रलच्या बाजूने जाते. तिने मला वेगळा मेसेज केला, मामा हे खरंय का रे सगळे म्हणतात तसं? म्हणून लिहितोय, आणि हो, चिडूनच लिहितोय.

आधी मुख्य मुद्दा, चर्चिलला माहीत होतं हा. पकडलेल्या संदेशांतून एवढंच कळलं होतं की पौर्णिमेच्या सुमारास 'मूनलाइट सोनाटा' नावाचा मोठा हल्ला होणार. कुठे, ते कळलं नव्हतं. एका संदेशात 'कॉर्न' हा शब्द होता, तो कॉव्हेंट्रीसाठी होता हे तेव्हा कुणालाच उमगलं नाही, आणि हवाई खात्याचा अंदाज होता लंडन आणि आसपासचा भाग. आता त्या दिवशी चर्चिलने काय केलं ते बघा. दुपारी तो ऑक्सफर्डशायरमधल्या डिचलीला जायला निघाला, गाडीत त्याचे खासगी सचिव जॉन मार्टिन सोबत होते. वाटेत त्याने हातातला निरोप उघडून वाचला आणि गाडी तिथूनच माघारी लंडनला वळवायला लावली, कारण आज लंडनवर हल्ला आहे असं त्याला वाटलं. ऑफिसातल्या मुलींना सुरक्षित जागी पाठवलं आणि स्वतः हवाई खात्याच्या गच्चीवर जाऊन विमानांची वाट बघत थांबला. हे स्वतः मार्टिननी सांगितलंय, त्याच गाडीत बसलेल्या माणसाने. कॉव्हेंट्री जळणार हे ज्याला माहीत आहे तो लंडनच्या गच्चीवर कशाला उभा राहील?

मग ही गोष्ट आली कुठून? 1974 साली विंटरबॉथम नावाच्या गुप्तहेर खात्यातल्या अधिकाऱ्याचं पुस्तक आलं, त्यात त्याने आठवणीतून हे लिहिलं. एनिग्माच्या बातम्या कुणाकुणाला पोचवायच्या हे काम त्याच्याकडेच होतं, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला, पुढच्या लेखकांनी त्यात अजून मीठमसाला घातला. कागदपत्रं खुली झाल्यावर इतिहासकारांनी हे खोडून काढलं, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास जर्मन विमानांना लक्ष्याची वाट दाखवणारे रेडिओ बीम कॉव्हेंट्रीवर एकमेकांना छेदतायत हे कळलं होतं. म्हणजे शेवटच्या काही तासांत काही लोकांना अंदाज आला होता. पण मग ते बीम जॅम करायचा प्रयत्न झाला ना! जॅमर चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर लावले गेले म्हणून उपयोग झाला नाही. ही चूक झाली, मोठी चूक झाली, पण तिला बलिदान म्हणायचं?

सायरन वाजला नाही हे तर सरळ खोटं. संध्याकाळी सातनंतर दहाएक मिनिटांत सायरन झाला, तोफा रात्रभर चालू होत्या, विमान मात्र जेमतेम एक पडलं. ऑल क्लिअर, म्हणजे धोका टळल्याचा सायरन, सकाळी सव्वासहाला, म्हणजे अकरा तास. कॅथेड्रलच्या छतावर तिथले प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, रिचर्ड हॉवर्ड आणि अजून तिघं आगलाव्या बॉम्बवर वाळू टाकत होते, फायर ब्रिगेड आली पण पाण्याच्या मेन लाइनी फुटलेल्या, पाणीच संपलं. हजार वर्षांचं पण नाही, ते मध्ययुगातलं पॅरिश चर्च, कॅथेड्रलचा दर्जा 1918 चा. त्याआधीचं जुनं कॅथेड्रल आठव्या हेन्रीच्या काळातच पाडलं गेलं. असो.

मला खरा राग येतो तो त्या 'लीडर' शब्दाचा. त्या रात्री 568 माणसं गेली, त्यातल्या कितीतरी लोकांना लंडन रोडच्या स्मशानभूमीत एकत्रच पुरावं लागलं. 1974 ला त्यांची मुलं, बायका, भावंडं जिवंत होती, त्याच गावात राहत होती. चौतीस वर्षांनी त्यांना कळतं की तुमच्या आईला तुमच्याच सरकारने मुद्दाम मरू दिलं, आणि ते खोटंच! त्या खोट्याचा आपण सुविचार करून वाटतोय. हॉवर्डने त्या जळक्या भिंतीवर 'फादर फरगिव्ह' एवढेच दोन शब्द लिहायला लावले. बायबलमध्ये 'त्यांना क्षमा कर' आहे, इथे 'त्यांना' शब्द ठेवला नाही. आग लागलेल्या गावात राहून त्याने हे केलं, लीडर म्हणून कुणाचं नाव घ्यायचंच असेल तर ह्याचं घ्या ना.

बाबांना फोनवर मार्टिनची गाडी माघारी वळल्याची गोष्ट सांगितली. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, माझ्या बँकवाल्यांच्या ग्रुपवर पण टाकलाय मी. तिथेही हे टाका म्हटलं.