‘बुढ्याले माणसं दिसतात, गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: कंपवात (पार्किन्सन) हा नुसता हातापायाचा आजार. त्यात म्हाताऱ्याला अंगणात नसलेली माणसं दिसायला लागली तर एक तर मोतीबिंदू, नाहीतर बाहेरचं. आणि डोकं गोळ्यांनीच फिरतं, म्हणून त्या आजच बंद करा. यवतमाळकडच्या आमच्या खेड्यांत हे वाचून गोळ्यांच्या पट्ट्या फडताळात जाऊन पडल्या, म्हणून लिहितो.

‘हातापायाचा आजार’ हा समज जुनाच आहे. ज्याचं नाव या आजाराला पडलं, त्या इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सननं १८१७ साली यावर लिहिलं, तेव्हा त्यानंही इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असंच म्हटलं होतं. ते टिकलं नाही. मेंदूतल्या ज्या डोपामिन नावाच्या रसायनाच्या कमतरतेनं हात कापतो, तेच डोपामिन डोळ्याच्या पडद्यालाही लागतं. ते घटलं की फिक्या रंगांतला फरक उमगत नाही, अंधुक उजेडात तर नाहीच.

मग मोतीबिंदू? डोळे तपासाच, नजर अधू असली की भास वाढतात. पण ऑपरेशन होऊन, चष्मा लागूनही ते होतात, कारण बघण्याचं अर्धं काम मेंदू करतो. डोळ्यांकडून आलेल्या चित्रात काय खरं, काय सोडून द्यायचं, हे मेंदूतलं लक्ष देणारं जाळं ठरवतं. भास होणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांच्या एमआरआय अभ्यासांत हे जाळं ढिलं पडलेलं दिसलं आहे. आठवणी आणि कल्पना चालवणारं दुसरं जाळं एरवी बघताना गप्प असतं. ते मग मध्ये तोंड घालतं, असा संशोधकांचा अंदाज आहे. अपुरं चित्र मेंदू आपल्या पदरचं घालून पुरं करतो. दिवेलागणीला दोरीवरचं धोतर पाव्हणा होतं, तुरीच्या कुटारावर लेकरं बसलेली दिसतात. कोणाला डोळ्याच्या कोपऱ्यातून मांजर गेल्यासारखं वाटतं, कोणाला पाठीमागं माणूस उभा असल्यासारखं.

बाहेरचं म्हणणाऱ्यांनी एकदा बल्ब लावून पाहावा. पुष्कळदा पाव्हणा तिथंच जातो. बऱ्याच रुग्णांना सुरुवातीला हे खरं नाही हे कळतंही. बोलत नाहीत, कारण बोललं की घरचे भगताकडं नेतात.

गोळ्यांचा मुद्दा अर्धा खरा, म्हणूनच जास्त घातक. कंपवाताच्या औषधांनी भास वाढू शकतात. हात कापण्यावर दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल तर म्हाताऱ्या माणसाला फारसं मानवत नाही. पण काय आधी कमी करायचं, किती, हे डॉक्टरच ठरवणार. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताचं मुख्य औषध, एकाएकी तोडलं तर अंग ताठून जोराचा ताप चढू शकतो, जिवावर बेततं. शिवाय भास दोन दिवसांतच वाढले असतील तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग आणि अंगातलं पाणी तपासायला हवं. रात्री उठावं लागते म्हणून मे महिन्यातही घोटभर पाण्यावर दिवस काढणारे बुढे घरोघरी आहेत.

मेसेजात नसलेली एक गोष्ट. बाबा रात्री ओरडतात म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं, तर इंजेक्शनआधी कंपवात आहे हे सांगा, गोळ्यांची पट्टी दाखवा. शांत करायला सर्रास दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल डोपामिनचीच वाट अडवतं, आणि अशा माणसाचं अंग आणखी आखडतं. क्वेटियापिनसारखे दुसरे पर्याय डॉक्टरांकडे असतात.