‘पक्षाघात’ या शब्दाचा पक्ष्याशी संबंध नाही : एक खुलासा

परभणी, हिंगोलीकडच्या अनेक गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. ‘पक्षाघात म्हणजे पक्ष्याचा आघात, म्हणून कबुतराचे रक्त चोळल्यास तो उतरतो’, असे त्यात म्हटले आहे. हा अर्थ चुकीचा आहे.

संस्कृतात ‘पक्ष’ म्हणजे पंख, तसाच बाजू किंवा अर्धा भाग; शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष हे महिन्याचे दोन अर्धे आपण रोज बोलतो, तोच हा शब्द. शरीराच्या एका बाजूवर झालेला आघात तो पक्षाघात. पक्षी अभिप्रेत असता तर संधिनियमाने ‘पक्ष्याघात’ असे रूप झाले असते. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये ‘पक्षाघात’ येतो, तर चरकसंहितेत त्यालाच ‘पक्षवध’ म्हटले आहे. आपला ‘अर्धांगवायू’ही तेच सांगतो. ‘लकवा’ मात्र अरबीतून आला असून मुळात तो तोंड वाकडे होण्यापुरता होता.

‘अंगावरून वारं गेलं’ असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा बिघाड मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असतो. माझ्या चुलत्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सकाळचा चहा ओघळू लागला, तेव्हा घरात कबुतर शोधण्यात तास गेला; तो तास मला अजून सलतो. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले की लगेच १०८ ला फोन करावा.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा, ही कळकळीची विनंती.