खुलासा : केमोच्या रुग्णांसाठी 'फुल लेस'च विग घ्या, हा सल्ला चुकीचा

केमोथेरपीत केस गेल्यावर फक्त फुल लेस विगच (ज्याची आतली टोपी पूर्णपणे बारीक जाळीची असते तो) घ्यावा, बाकीचे टाळूला घातक, असा मेसेज फिरतोय. तो बरोबर नाही.

फुल लेस विगची जाळी नाजूक असते आणि तो बहुतेक वेळा कडेने गोंद किंवा टेप लावून बसवतात. केमोच्या काळात टाळू हुळहुळी झालेली असते. गोंदाने पुरळ येतं, टेप ओढून काढताना त्वचा सोलवटते. म्हणजे टाळायला हवं तेच मेसेज सुचवतोय.

मग कोणता घ्यावा? आतली टोपी कशी आहे ते पाहायला विग उलटा करा आणि आतून बोट फिरवा. साध्या विगच्या टोपीत केसांच्या पट्ट्या ओळीने शिवलेल्या असतात. हवा छान खेळते, किंमतही कमी. पण शिवणी उघड्या टाळूला घासतात. खाली सुती टोपी घातली की बराच फरक पडतो. मोनोफिलामेंट टोपीत बारीक जाळीवर एकेक केस हाताने गुंफलेला असतो, भांग खरा वाटतो. जाळीखाली मऊ अस्तर असेल तर पूर्ण टक्कल पडलेल्यांसाठी आमच्या मते हीच सगळ्यात सोयीची.

माप कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून, कानांमागून, मानेपर्यंत गोल घ्यावं; साधारण ५४ ते ५७ सेंमी भरतं. केस गेल्यावर ते थोडं घटतं, म्हणून मागे आवळता येणाऱ्या पट्ट्या हव्यातच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर गेला असेल तिथे हा खुलासा टाका.