खडी टोकदारच लागते: दोन स्टार देणाऱ्या ग्राहकांना उत्तर

नमस्कार,

तुमच्या साइडिंगसाठी, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटणाऱ्या रेल्वेलाइनसाठी, आमच्या क्रशरवरून नेलेल्या खडीला तुम्ही दोन स्टार दिलेत. खडी फार टोकदार आहे, लहानमोठी आहे, चुरी (दगडाची बारीक भुकटी) घातलेली नाही आणि महिनाभरात लाइन जागोजागी बसली, म्हणजे खाली दबली, या तुमच्या तक्रारी.

टोकं आहेत म्हणूनच ही खडी रुळाखाली चालते. फुटीव दगडाच्या धारा एकमेकींत अडकतात. नदीचा गोटा कितीही टणक असो, वजन पडलं की घरंगळतो. आणि स्लीपर, म्हणजे रुळाखालची आडवी तुळई, खाली दबू नये एवढ्यावर भागत नाही, तो बाजूलाही सरकता कामा नये. एक किलोमीटर मोकळा रूळ 30 अंशांनी तापला तर जवळजवळ 34 सेंटीमीटर वाढतो. वेल्डिंगने सलग केलेल्या रुळाला वाढायला वावच नसतो, म्हणून मीटरला 60 किलो वजनाच्या एकेका रुळात तेवढ्याच तापमानफरकाने 55 टनांच्या आसपास दाब साठतो. लाइन वाकडी होऊ न देणारी खडी असते ती स्लीपरांच्या मधली आणि टोकांबाहेरची. तुम्ही टाकलेल्या फोटोत टोकं चक्क उघडी दिसताहेत. तिथे निदान 30 सेंटीमीटर रुंद खडीचा खांदा भरून घ्या, उन्हाळ्याच्या आत.

साधारण 20 ते 65 मिलिमीटरचं मिश्रण मुद्दामच असतं. सगळी एका मापाची असली तर पकड कमी. चुरी घालून दाबायची ती रस्त्याच्या खडीत. रुळाखाली पाणी खाली उतरायला पोकळी हवी, चुरी नेमकी तीच बुजवते.

राहिला लाइन बसण्याचा प्रश्न. नवी खडी सुरुवातीला बसतेच, म्हणून ती थराथराने टाकून, एका वेळी पाचेक सेंटीमीटरच लाइन उचलून पॅकिंग करायचं, म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून घट्ट बसवायची, आणि काही गाड्या हळू गेल्या की पुन्हा. पॅकिंग रुळाखाली दोन्ही बाजूंना. स्लीपरच्या मध्यभागी ठोकत बसलात तर काँक्रीटचा स्लीपर तिथेच तडकेल.

पण फोटोत काही स्लीपरांभोवती चिखलाचे शिंतोडेही आहेत, आणि ते जास्त काळजीचं. दोन स्लीपरांमधली खडी भरावापर्यंत, म्हणजे खालच्या मातीच्या थरापर्यंत, काढून बघा. वर स्वच्छ आणि तळाशी चिकट गाळ निघाला, तर चिकणमातीचा भराव पाणी धरतोय आणि प्रत्येक चाकासरशी वर उपसला जातोय. अशा जागी कितीही खडी ओता, ती मातीत जाणार. आधी बाजूचं गटार मोकळं करा, मग खराब खडी काढून खाली वाळू-मुरमाचा थर द्या. उलट, वरपासून खालपर्यंत दगडाचीच भुकटी आणि धारा झिजलेले तुकडे निघाले, तर दोष दगडाचा. तो माल आम्ही बदलून देऊ. खणताना वरचा आणि तळाचा नमुना वेगवेगळ्या पोत्यांत भरून ठेवा.