फक्त कर वाचवण्यासाठी?

परदेशात नोंदवल्या जाणाऱ्या कंपन्यांवरचा तुमचा लेख वाचला. त्याचा एकूण सूर असा की कंपन्या माल्टा (युरोपातला छोटा बेट-देश), दुबईची वाट धरतात ती कर वाचवायला. निम्मंच खरं आहे हे. आफ्रिकेतल्या अंगोलाचं उदाहरण घ्या. तिथे १९७९ ते २०१७ एकच राष्ट्राध्यक्ष, दुश सांतुश. या गोष्टीतली मुख्य पात्रं म्हणजे त्यांची कन्या इझाबेल आणि तिचा नवरा, म्हणजे अध्यक्षांचा जावई. २०१२ मध्ये जावयाने सरकारी हिरे कंपनी ‘सोडियाम’सोबत भागीदारीत एक स्विस दागिन्यांची पेढी घेतली, तीही माल्टातल्या कंपनीमार्फत. जानेवारी २०२० मध्ये फुटलेल्या ‘लुआंडा लीक्स’मधल्या, म्हणजे इझाबेलच्या व्यवहारांच्या गोपनीय कागदांनुसार, पहिल्या दीड वर्षात सोडियामने ७.९ कोटी डॉलर ओतले, जावयाने ४० लाख. बरं, सोडियामने कर्ज काढलं कुठून? तर जिच्यात इझाबेलचीच भागीदारी होती त्या बँकेकडून, ९ टक्क्यांनी. म्हणजे व्याजही घरातच! आता यात कर वाचवण्याचा संबंध किती, तुम्हीच सांगा. माल्टाचा उपयोग मालक कोण हे झाकायला. आणि सासरे खुर्चीवर असताना विचारणार तरी कोण होतं? (दोघांनीही आरोप फेटाळले होते, हेही नोंदवतो.)

२०१७ च्या नोव्हेंबरात नव्या अध्यक्षांनी इझाबेलला सरकारी तेल कंपनीच्या प्रमुखपदावरून काढलं. त्यानंतर काही तासांतच कंपनीच्या खात्यातून ३.८ कोटी डॉलर दुबईला रवाना झाल्याच्या बातम्या होत्या. आम्हाला एनईएफटीची मर्यादा वाढवायला बँकेत दोन खेपा माराव्या लागतात, ते सोडा.

लेखकाने पुढच्या भागात कंपन्यांचा खरा मालक कोण याच्या नोंदींबद्दल जरूर लिहावं.