काळा गोंद थिनरने सुटत नाही, बोर्ड मात्र जातो

मोबाइल आणि एसीचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्यात ठामपणे सांगितलंय की कंपन्या आयसीभोवती (बोर्डवरच्या चिपभोवती) काळा गोंद, म्हणजे एपॉक्सी, केवळ दुरुस्ती अडवायला लावतात. बोर्ड रात्रभर थिनर किंवा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवला की तो सुटतो. नाही सुटला तर पेंट रिमूव्हर लावा, किंवा हॉट एअर (गरम हवेचं मशीन) ४०० अंशांवर ठेवून खरवडा. आणि काम झालं की पावसाळ्यासाठी सगळ्या बोर्डवर दोन ट्यूबचा एपॉक्सी ओता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, काम शिकायला आलेली मुलं हे वाचून गिऱ्हाइकाच्या बोर्डवर करून बघतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बुडवण्याचं. कच्ची वीट पाण्यात चिखल होते, भट्टीत भाजलेली होत नाही. एपॉक्सीच्या दोन ट्यूबमधले रेझिन आणि हार्डनर एकदा पक्के झाले की तसंच. त्यांच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात, त्यामुळे अ‍ॅसिटोनमध्ये एपॉक्सी फार तर थोडा फुगतो, विरघळत नाही. ओला असताना तो अ‍ॅसिटोनने पुसला जातो, आणि गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच आहे. रात्रभरात बाकीचं नुकसान मात्र होतं: एबीएस आणि पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकचे भाग मऊ पडतात, छापील खुणा जातात, सुटलेला फ्लक्स (सोल्डरिंगची राळ) आयसीखाली जाऊन बसतो. शिवाय अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते. त्याच टेबलावर सोल्डरिंग आयर्न चालू असतं, हे विसरू नका.

पेंट रिमूव्हरचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. डायक्लोरोमिथेन असलेलं रिमूव्हर पक्क्या एपॉक्सीवर खरोखर चालतं. पण बोर्ड तरी कशाचा असतो? एफआर-४ म्हणजे काचेचं कापड आणि एपॉक्सी. वरचा हिरवा मास्क, म्हणजे संरक्षक थर, बहुतेक वेळा एपॉक्सीवरच आधारलेला. आयसीचं काळं अंगही एपॉक्सीचंच. जे गोंदाला खातं ते मास्कला आणि बोर्डलाही खातं. काम करणाऱ्याचं काय होतं ते त्याहून वाईट. हे रसायन ४० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात खिडकी नसलेल्या पोटमाळ्यावर डबा उघडला की खोली वाफेने भरते. ती वाफ शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. नेहमीच्या नायट्राइल हातमोज्यांतून ते काही मिनिटांत आत शिरतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. शिकाऊ मुलाच्या हातात हा डबा कृपा करून देऊ नका.

उष्णतेचा मार्ग योग्य आहे, पण ४०० नव्हे. साध्या एफआर-४चं रेझिन १३० ते १४० अंशांनाच नरम पडू लागतं, शिसंवालं सोल्डर १८३ ला वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. ३०० पार झालं की रेझिन जळायला लागतं. तेव्हाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. गोंदही तापल्यावर ताकद सोडतो, आणि तेवढंच आपल्याला हवं असतं. बोर्ड खालून प्रीहीटरवर १०० च्या आसपास ठेवा. वरून फक्त आयसीच्या कडेला हवा द्या, बोर्डवर १५० अंशांच्या आसपास तापमान येईल इतकी. मशीनच्या पडद्यावरचा आकडा बोर्डचा नसतो, म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बोर्डला लावूनच मोजा. आता कडेचा गोंद टूथपिकने किंवा बोथट केलेल्या ब्लेडने निघतो. चारी बाजू मोकळ्या झाल्यावरच सोल्डर वितळेपर्यंत तापवा आणि आयसी किंचित फिरवून उचला. गोंद धरून असताना सरळ वर ओढलीत तर बोर्डवरचे तांब्याचे पॅड तिच्याबरोबर येतात. शेजारी दुसरी गोंद लावलेली आयसी असेल तर तिला झाकून घ्या. आत कोंडलेलं सोल्डर वितळून फुगतं, वाट काढतं आणि शॉर्ट करतं. जुलैत आलेला बोर्ड आधी १०० ते १२५ अंशांवर काही तास भाजावा (बॅटरी, डिस्प्ले, प्लास्टिक काढून), नाहीतर थरांत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुगतो.

वॉशिंग मशीनच्या बोर्डवरचा पारदर्शक, नखाने दबणारा थर बहुधा पॉलियुरेथेन असतो. तो एपॉक्सी नव्हेच, थोडा गरम करून कापून काढता येतो.

कंपन्यांच्या हेतूबद्दल: काही उपकरणांत आयसीचा नंबर लपवायला गोंद फासलेला असतो, हे खरं. पण बीजीए, म्हणजे पायांऐवजी खाली सोल्डरच्या गोळ्या असलेली आयसी, तिच्याखालचा गोंद त्या गोळ्या जपायला असतो. एका अंशाला आयसीतलं सिलिकॉन दशलक्षात जवळपास ३ भाग प्रसरण पावतं, एफआर-४ साधारण १४ ते १७. हा फरक रोज ताप-थंडीत गोळ्यांवर येतो आणि त्या तडकतात. फोन पडला की धक्काही त्याच खातात. गोंद तो ताण वाटून घेतो. म्हणून नवी आयसी बसवल्यावर खालून गोंद पुन्हा भरणं हा दुरुस्तीचाच भाग आहे.

राहिला बोर्डवर एपॉक्सी ओतण्याचा मुद्दा. जाड थर पक्का होताना तापतो, आकसतो आणि बारीक कपॅसिटरांना ओढतो. दमट हवेत अमाइन हार्डनरच्या थरावर चिकट साय येते. खाली राहिलेला फ्लक्स आणि समुद्राच्या हवेतलं मीठ कोंडलं जातं, ट्रॅक आतून हिरवे पडतात, आणि पुढच्या वेळी तो बोर्ड कोणालाच उघडता येत नाही. पावसाळ्यासाठी अ‍ॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचा (बोर्डसाठीच्या संरक्षक वार्निशचा) पातळ हात पुरतो; ते विद्रावकाने निघतं, त्यावरून सोल्डरही करता येतं. त्याआधी बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवा, पूर्ण वाळवा, आणि कनेक्टर, रिले, स्विच यांवर टेप लावून घ्या.