दूध पिऊन बिघडवलेला गळा

दर रविवारी फोनवर दादाचं तेच सुरू होतं, कॉम्प्युटर आला आणि गाणं मेलं. आता गळा नको, रियाज नको, बटण दाबलं की सूर जागेवर. सांगलीत त्याच्या गाण्याच्या मंडळींत सगळ्यांचं हेच मत आहे म्हणे, आणि वर मला ऐकवतो, तुला तिकडे बसून काय कळणार. बरं बाबा, नाही कळत. पण इकडे बसून जे सापडलं ते तरी ऐक.

ब्रिटिश गायिका केट बुशचा 'द ड्रीमिंग' हा अल्बम, 1982 चा, मला चॅरिटी शॉपमध्ये एका पाउंडाला मिळाला. बाई तेव्हा 24 वर्षांची, आणि पहिल्यांदाच अख्खा अल्बम एकटीने प्रोड्यूस केलेला. हाताशी फेअरलाइट, म्हणजे कुठलाही आवाज रेकॉर्ड करून कीबोर्डवर वाजवायचं तेव्हाचं महागडं मशीन. दादाच्या हिशोबाने गाणं इथेच मरायला हवं होतं. उलट 'नाइट ऑफ द स्वॅलो'मध्ये आयरिश पाइप्स आणि फिडल असे काही घुसतात की मी किचनमध्ये हातातला मग धरून तसाच उभा. आणि 'हुडिनी'साठी तर तिने दूध पिऊन, चॉकलेट खाऊन मुद्दाम गळ्यात कफ आणला, आवाज खरखरीत लागावा म्हणून! दादाला गाण्याच्या परीक्षेआधी लोणचं, दही, बर्फाचा गोळा सगळं बंद असायचं, मी समोर बसून खायचो. आता सांग, गळ्याचा विचार जास्त कोणी केला?

(उदाहरण सोयीचं निवडलंय, माहितीये मला. ऑटोट्यूनवाली, म्हणजे कॉम्प्युटरने सूर जागेवर आणलेली, दहातली नऊ गाणी मलाही ऐकवत नाहीत, पण हे दादाला कशाला सांगू.)

इथे तरी कुठे कौतुक झालं तिचं. इथल्या चार्टवर आधीचा 'नेव्हर फॉर एव्हर' एक नंबरला, नंतरचा 'हाउंड्स ऑफ लव्ह' एक नंबरला, हा मधला तीनवर थांबला, टायटल साँग तर 48 वर अडकलं. ऑफिसात विषय काढला तर 2022 मध्ये वेबसीरिजमुळे एक नंबरला गेलेलं 'रनिंग अप दॅट हिल' तेवढं सगळ्यांना माहीत. मग काय, त्यांच्याच बाईवर मी त्यांना लेक्चर दिलं आणि खरं सांगतो, भारी वाटलं. एक जण हसत म्हणाला, हिला आमच्यापेक्षा तूच जास्त ओळखतोस. इंग्रजीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे नसतात, पण मला ऐकू आलं ते 'आम्ही'च, आणि ट्रेनमध्ये घरी येईपर्यंत ते काही डोक्यातून गेलं नाही.

शेवटचं गाणं 'गेट आउट ऑफ माय हाउस'. एक घर आत येणाऱ्याला हाकलतंय, शेवटी चक्क गाढवासारखं रेकणं. सांगलीतल्या माझ्या खोलीत आता दादाचे तानपुरे आणि वहिनीच्या गाद्या आहेत. गेल्या डिसेंबरात मी हॉलमध्ये झोपलो, वहिनीने पाहुण्यांसाठीचा नवा टॉवेल काढून दिला, मी थँक्यू म्हणालो. वहिनीला थँक्यू!

दादाला या गाण्याची लिंक पाठवली. दोन दिवसांनी मेसेज आला, "ऐकलं. यातलं गाढव कोण?"